थवा उडवायचा असतो

तिपाईवरच्या एकडोळी दुर्बिणीचं ते काळं रबर, एका बाजूनं चिरलेलं, उन्हानं कोमट, भैरवीच्या डोळ्याभोवती गोल वळ उठवणारं… आणि त्या गोलाच्या आत सगळं जग: बिनवासाचा चिखल, आणि त्यावर तुरुतुरु पळणारे टिलवे पक्षी, चिमणीएवढे, थांबले की नाहीसेच होणारे. कुहीच्या पुढे धरणाचं पाणी उतरलं की येतात. मागच्या फेब्रुवारीतही आले होते, आणि ती अन् उन्मेष मोजायला आले होते.

बसलेले मोजताच येत नाहीत ना, चिखलात चिखल होऊन जातात. म्हणून एकानं पुढं जाऊन उडवायचे, थवा उठला की दुसऱ्यानं दहा-दहानं मोजायचा. "उडव ना गा त्याईले, मान दुखून राहिली माही," तीच म्हणाली होती, हसत… आणि तो गेला, वरून वाळलेल्या, भेगाळलेल्या खपलीवरून, जिच्याखाली बुडालेल्या नदीचा जुना डोह होता. थवा उठला. दहा, वीस, तीस – भैरवी! – दोनशे, दोनशे दहा – भैरवी! – …चारशे बारा.

मग तिनं डोळा काढला. चिखलावर टोपी तेवढी होती.

ऐकूच आलं नाही, असं ती सांगत आली. पोलिसांना, पक्षी मोजणाऱ्यांच्या ग्रुपवर, आरशाला. डोळा तिथं असला की कान बंदच होतात, खरंच होतात…

"सरक वं, मले पाहू दे." उन्मेषची आई, प्रेमिलाकाकू. वर्षभर घराबाहेर न पडलेल्या, आज मात्र हट्टानं आलेल्या, पायात त्याचेच बूट. वाकल्या, रबराला डोळा लावला. "हे? एवढेसे? मले वाटलं मोर-गिर असतील." हसल्या थोडं. मग हसणं तिथंच राहिलं. "काहून गेला वं तो आत? चिखलाची तर किळस होती त्याले. लहानपणी चप्पल भरली तरी कडेवर घे म्हणे."

वारा पडला होता. टिलवे पळत होते. आत्ता बोलावं, भैरवीला वाटलं, आत्ता काकूंचा डोळा तिथं आहे, त्यांना ऐकूच जाणार नाही, आणि आपलं तर सांगून होईल… तिनं अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, "काकू."

काकूंनी डोळा काढला नाही.

"बोल ना वं," त्या म्हणाल्या, "ऐकून राहिली मी."

भैरवीनं तोंड उघडलं, आणि आत आपोआप सुरू झालं – दहा, वीस, तीस…