बिनपायाचा टब

शिरपूरच्या मंगल कार्यालयात त्या सकाळी चपला ठेवायला जागा उरली नव्हती. आत शुद्धी शिबिर होतं. प्लॅस्टिकचे वीस टब ओळीनं मांडलेले आणि प्रत्येक टबात मिठाचं पाणी, विजेच्या यंत्राचा रॉड आणि दोन पाय. भेगाळलेले, जोडवी घातलेले, शेतातून थेट आलेले. पाणी आधी स्वच्छ, मग पिवळं, मग तांबूस, आणि अर्ध्या तासात चिखलाच्या रंगाचं, वर फेस. ज्याचं पाणी जास्त काळं, त्याच्याभोवती जास्त गर्दी. "बाप्पा, केवढी घान होती अंगात!" असं म्हणत माणसं आपलीच घाण कौतुकानं पाहत होती.

"शरीरात टॉक्सिन साचलं आहे!" पांढरा कोट घातलेले शुद्धीगुरू माईकवरून सांगत होते. "तुमचं यकृत म्हणजे तुंबलेली नाली. आणि इम्युनिटी म्हणजे घराचा चौकीदार. तो त्या घाणीखाली दबून पडलाय. एकवीस दिवस फक्त लिंबूपाणी आणि आमचा काढा, दर तिसऱ्या दिवशी हा टब. चौकीदार उठून उभा राहिला नाही, तर माझं नाव बदला!" नाव मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अर्ध्या लोकांना टॉक्सिन ऐकूच आलं नाही, त्यांनी टॉन्सिल ऐकलं. "पायातून टॉन्सिल काढून राह्यला हा मानूस!" एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते. "दवाखान्यात तं गयातून काढा लागते." मी हसलो. तेव्हा मला हसू येत होतं, हे आठवलं की आज कानशिलं तापतात. कारण पहिल्या टबात माझेच पाय होते.

मी इथल्याच शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. शुद्धीगुरूंनी शाल-श्रीफळ देऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं. गुडघे दुखतच होते, कोमट पाण्यात बरं वाटलं. माईक हातात आला तेव्हा मी म्हणालो, "विज्ञानाच्या भाषेत याला आयन म्हणतात." पुढे काय बरळलो ते लिहायची लाज वाटते. टाळ्या पडल्या, एवढं खरं.

मग गर्दीतून नानीबाई पुढे आली. ही तांड्यावरची बाई. आमच्या शाळेत तिनं वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. आता अंग पार उतरलं होतं. दोन महिन्यांपासून तिला टीबीची सरकारी औषधं चालू होती.

"सायेब, गोळ्या खाऊन राह्यली मी," ती शुद्धीगुरूंना म्हणाली. "खोकला कमी झाला. पन लघवी लाल होते. भेव वाटते."

"ऐका, ऐका! लाल!" शुद्धीगुरू गर्जले. "शरीर ओरडून सांगतंय, हे विष आहे! माई, आधी गोळ्या थांबवा, मग चौकीदार जागा होईल."

नानीबाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी सांगा. करू का बंद?"

लघवी लाल का होते, ते मला ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायला काय लागतं? पण नुकत्याच टाळ्या पडल्या होत्या, आणि सगळं कार्यालय माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी मान डोलावली.

अठराव्या दिवशी लिलाबाई दारात उभी राहिली. ती गावची आशाताई. बसा म्हणालो तर बसली नाही.

"नानीबाईनं गोळ्या सोडल्या. अठरा दिवस झाले, नुसत्या लिंबूपान्यावर हाय. ताप उतरत नाई, उठून बसनं होत नाई. मी गेली तं म्हंते, सर म्हनले. तुमी म्हनले का?"

"लघवी लाल होते म्हणाली..." मी पुटपुटलो.

"त्या गोळीचा रंगच तसा हाय! पयल्याच दिवशी सांगतलं होतं मी तिले, भिऊ नको म्हून. पन मी पडली आशा, अन् तुमी सर!" तिचा आवाज चिरकला. "अन् कोनता चौकीदार उपाशी पोटी पहारा देते हो? तिले दाळ पायजे, अंडे पायजे, दूध पायजे. औषध मधातच सोडलं तं जंतू मुजोर होते, मंग त्याच गोळ्यायले तो जुमानत नाई. हे मी दहावीवाली बाई तुमाले सांगून राह्यली!"

"चला, तिला दवाखान्यात नेऊ."

"ती येत नाई ना! म्हंते, पानी काळं झालेलं म्या डोयानं पाह्यलं. आज तिची टबाची बारी हाय. धनसिंग तिले घेऊन निंगालाबी." धनसिंग म्हणजे तिचा नवरा. "आधी त्या पान्याचं सांगा, सर. काहून होते ते काळं?"

उत्तराची वाट न पाहता लिलाबाईनं मला सरळ बसस्टँडवर ग्यानबाच्या दुकानात नेलं.

ग्यानबा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. माझाच विद्यार्थी. दहावीत मी त्याला विज्ञानात नापास केलं होतं. त्याच्या बाकड्यावर शिबिरातलंच एक यंत्र उघडं पडलं होतं आणि बाजूला कुरतडल्यासारखा झालेला लोखंडी रॉड.

"तिसऱ्यांदा रॉड बदलाले आनलं त्याहीनं," ग्यानबा म्हणाला. "सर, मानसाच्या अंगातला मैल याले येऊन चिकटला असता, तं रॉड जाडा झाला असता. हा तं बारीक होऊन राह्यला. काहून?"

मी रॉड उचलून बोटानं चाचपला.

"मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपुन मीठ टाकतो. काही सालात लोखंड गंजून जाते. इथं मीठबी हाय अन् करंटबी हाय. तेच काम अर्ध्या घंट्यात." त्यानं नवा रॉड जोडला, टबात पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. पाय कुणाचेच नव्हते. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग तोच चिखल आणि तोच फेस. गंज होता तो, निव्वळ गंज.

विद्युत अपघटन. हा धडा मी दरवर्षी शिकवला, पण फळ्यावर. एक भांडं, दोन कांड्या, चार बाण, आकृतीला दोन मार्क. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असायची. सामान फुटेल, पसारा होईल, म्हणून ते कपाट मी कधी उघडलं नाही. म्हणून ते पाणी कसं दिसतं, हे मला कधी कळलंच नाही. आकृती वाकडी काढतो म्हणून ज्याचे मार्क कापले, तो आज मला प्रयोग करून दाखवत होता. जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं, असं झालं.

ग्यानबाला घेऊन कार्यालयात पोचलो तेव्हा नानीबाईची बारी नुकतीच आली होती, आणि धनसिंग तिला खुर्चीवर टेकवून बसवत होता. तिचे पाय टबाच्या काठावर होते. मला पाहून शुद्धीगुरूंनी हौसेनं माईक पुढे केला. "या सर! अनुभव सांगा!"

"सांगतो," मी म्हणालो. "पण आधी हे पाय बाहेर राहू द्या. टबात कुणाचेच पाय नसताना यंत्र चालू करा."

"सर, तसं चालत नसतं..."

"चालते ना," ग्यानबा म्हणाला. त्यानं तोवर बटण दाबलं होतं. माणसं वाकून पाहू लागली. पाणी पिवळं झालं. तांबूस झालं. काळवंडलं.

शुद्धीगुरूंनी घाम पुसला. "हवेतही टॉक्सिन असतं! यंत्र तेही ओढून घेतं."

"मंग हवाच धुऊन काढा की," ग्यानबा म्हणाला. "लोकायले कायले उपाशी मारता?"

हशा पिकला. मग मी दुसऱ्या टबातला रॉड काढायला लावला, त्यात माझे पाय घातले आणि अर्धा तास बसून राहिलो. थोडी माती सुटली, बाकी पाणी होतं तसंच. लोक एकेक करून टबातून पाय काढू लागले. शुद्धीगुरू फोन कानाला लावून बाहेर गेले, ते परत आले नाहीत.

"लोकहो," मी म्हणालो, "त्या दिवशी मी इथं खोटं बोललो. मला काही माहीत नव्हतं, तरी मान डोलावली. नानीबाई, माफ कर. गोळ्या सुरू कर."

नानीबाईनं धनसिंगला धरून मान वर केली. तिला धाप लागली होती.

"सर, तवाबी तुमीच होते अन् आताबी तुमीच हा," ती म्हणाली. "तवाचं खोटं अन् आताचं खरं, हे मी कशावरून मानू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोसला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिचा जीव त्या उत्तरावर टांगलेला होता.

"माझ्यावरून मानू नको," मी म्हणालो. "कुणावरूनच नको. तू स्वतः करून पाहा."

तिनं ग्यानबाला नवं पाणी भरायला लावलं. धनसिंगचा हात धरून ती वाकली आणि तिनंच बटण दाबलं. टबात कुणाचे पाय नव्हते. पाणी रंग बदलेपर्यंत ती हलली नाही.

"लिलाबाई," ती शेवटी म्हणाली, "गोळ्या हायेत का तुयापाशी?"

"दवाखान्यात चाल आधी. डॉक्टर सांगतीन त्या घ्या लागतीन."

त्याच दुपारी आम्ही तिला वाशीमच्या दवाखान्यात दाखल केलं. अठरा दिवसांच्या खंडानं जंतू मुजोर झाला की नाही, हे तपासणीचा निकाल आल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही निकालाची वाट पाहतो आहोत. तोवर मी रोज तिचा डबा घेऊन जातो. दाळ, भात, दोन उकडलेली अंडी. ती खाते, आणि मला तिच्याकडे नीट बघवत नाही.

वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगतो. अंगातला टाकाऊ माल बाहेर काढायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. ती जन्मापासून रोज ते काम करतात, त्यांना टब लागत नाही. रोगाशी लढायची ताकद पोटभर जेवणातून येते, उपासमारीतून नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची शंका आली तर ती डॉक्टरांनाच विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, माणूस बाजूला काढला तरी हे असंच होतं का? आणि तुम्हाला कुणी विश्वासानं काही विचारलं, अन् ते ठाऊक नसलं, तर सरळ सांगा, मला माहीत नाही. मी त्या सकाळी तेवढे तीन शब्द बोललो असतो, तर नानीबाई आज दवाखान्याच्या खाटेवर नसती.