अनुभवाचा रकाना

प्रमोदिनीने चादरीचं टोक मुठीत धरलं, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला आणि एका दमात सासऱ्यांना डाव्या कुशीवर वळवलं. अण्णा कण्हलेसुद्धा नाहीत.

दारातली सुनैना पाहतच राहिली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करायला सरकारने यंदा वॉर्डावॉर्डांत बायका नेमल्या होत्या, त्यांतली ही. नवरा रामघाटावर नाव चालवायचा. गंगेला पूर आला की नाव बांधून ठेवावी लागे. या पावसाळ्यात मात्र तिच्या पगारावर चूल पेटती राहिली होती.

"भाभी, ये कहाँ सीखा आपने?"

"सीखना क्या? करते-करते आ गया."

"फिर से दिखाइए."

प्रमोदिनीने पुन्हा दाखवलं. सुनैनाने अण्णांची पाठ निरखली. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन ते सांगितलं.

आठवड्याने केंद्राच्या प्रमुख वैदेही तांबे दूधविनायकच्या गल्लीतलं घर शोधत आल्या.

"नव्या तुकडीत चाळीस बायका आहेत. पुस्तकातलं आम्ही शिकवतो. माणूस उचलायचा कसा, हे शिकवणारं कुणी नाही. सुनैनाने तुमचं नाव सुचवलं. पगारी जागा आहे."

"आणि अण्णांजवळ कोण?"

"मैं हूँ ना," सुनैना म्हणाली.

अण्णांसाठी शाळेतली गणिताची नोकरी सोडली त्या दिवसापासून प्रमोदिनीला कुणी काम विचारलं नव्हतं. अण्णांच्या उशाशी बसून ती अर्ज भरू लागली. नाव, पत्ता, शिक्षण झालं. 'या कामाचा अनुभव' या रकान्यापाशी पेन अडलं. दाखवायला ना दाखला होता, ना कागद.

"निरंक," पुटपुटत तिने लिहिलं.

पलंग करकरला. अण्णांनी वेदशाळेत पोरांच्या तीन पिढ्या घडवल्या होत्या. एक स्वर चुकला तरी पुन्हा म्हणायला लावत. अर्धांगाने आता त्यांना एकेक शब्द जुळवावा लागे.

"खोड ते."

तिने मान वर केली.

"सहा वर्षं लिही." त्यांनी श्वास घेतला. "रात्रीही धर."