स्मृतीताईंच्या वर्गातला एकमेव पुरुष

आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या स्मृती महाडिकांनी आजवर चारशे बायकांना स्कूटर शिकवली. त्यातल्या कित्येकजणी आता स्वतःच्या स्कूटरवर नोकरीला जातात. इथल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला आणि भाषणाला मला उभं केलं, कारण दुसरा कुठलाच निवृत्त प्राध्यापक मोकळा नव्हता.

"स्त्रियांना आपण गती दिली पाहिजे!" मी गरजलो. सभागृहात हशा पिकला. दौलतगंजमधल्या घरून मी स्कूटरवर बायकोच्या मागे बसून, तिचे खांदे घट्ट धरून आलो होतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मला स्कूटर येतच नव्हती.

चहाच्या वेळी स्मृतीताई हळूच म्हणाल्या, "सर, सोमवारी सकाळी सहाला मैदानावर या. डरने का नहीं."

गेलो. चौदा बायका आणि मी. पहिल्याच दिवशी मी मैदानातल्या एकुलत्या एक झाडावर आदळलो. मला उठवणाऱ्या भाजीवाल्या शांताताईही नवशिक्याच होत्या, पण त्या एकदाही पडल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी मी टोपी बाजारापर्यंत एकटा गेलो. निदान मला तसं वाटलं. स्मृतीताई आणि माझी बायको दुसऱ्या स्कूटरवरून सबंध रस्ता माझ्या मागे होत्या.