सरकीचं डोहाळजेवण

पिंपळगाव राजात कुत्रीचं डोहाळजेवण पहिल्यांदा झालं ते त्या रविवारी, आणि ते करायची कल्पना सर्वस्वी कुलदीपची होती. नंतर त्याला ही गोष्ट नाकारायची फार इच्छा झाली. पण व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्याचंच नाव होतं, फोटोसकट.

कुलदीपचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. बारशाचा पाळणा, हळदीचं मखर, डोहाळजेवणाचा फुलांचा झोपाळा, रिटायर होणाऱ्या गुरुजींसाठी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असा थर्माकोलचा बोर्ड, सगळं त्याच्याकडे भाड्यानं मिळायचं. त्या महिन्यात एकही तिथी नव्हती. झोपाळा घरातच उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत होते. रिकामा झोपाळा आणि रिकामा माणूस एका छपराखाली फार दिवस ठेवू नयेत.

निमित्त झालं सरकीच्या पोटाचं. सरकी म्हणजे त्यांची सहा वर्षांची कुत्री. रंग सरकीच्या ढेपेसारखा, धड पिवळा नाही की धड काळा नाही, म्हणून हे नाव. दिवाळीनंतर ती माजावर आली होती. महिना-सव्वा महिन्यानं तिचं पोट दिसायला लागलं. एवढ्या पुराव्यावर कुलदीपनं ती पोटुशी असल्याचं जाहीर करून टाकलं.

बाप कोण, यावर आळीत तीन दिवस चर्चा झाली. शेवटी एसटी स्टँडवरच्या काळ्या कुत्र्यावर बहुमत झालं. त्याला सरकीजवळ कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याची एकूण ख्याती तशी होती. कार्यक्रमाच्या सकाळी कुलदीपनं त्याला जावई म्हणून शेला पांघरला. तो शेल्यासकट पळाला आणि परत आला नाही, तेव्हा उरलेल्यांचीही खात्री पटली.

खात्री पटली नव्हती ती एकट्या अंबूबाईची. अंबूबाई कुलदीपची आई. पहाटे मळ्यात जाऊन वांगी तोडायची आणि दहाच्या सुमारास पाटी उतरवून अंगणात बसायची. तिथून तिला सरकी दिसायची.

"कुलदीप, हे पाणी लय पेऊन राह्यली बाप्पा. सकाऊनपासून दोन गंज रिकामे केले तिनं."

"दोन जिवाची हाय माय. तू नव्हती का पेत माह्या टायमाले?"

"मी पेत होती, पण जेवतबी होती. हे भाकरीले तोंड लावत नाही."

"डोहाळे लागले अशीन."

आणि तो उठून चिंचा घेऊन आला. सरकीपुढे चिंच धरली, मोबाइल लावला, आणि 'सरकीचे डोहाळे, भाग एक' असा व्हिडिओ निघाला. सरकीनं चिंचेकडे पाहिलं, मग कुलदीपकडे पाहिलं, आणि हळूच मान फिरवून ती पुन्हा पाण्याकडे गेली. व्हिडिओ तालुकाभर फिरला.

दोन दिवसांनी अंबूबाई म्हणाली, "अबे, हिचा वास येते. म्हागून पाण्यासारखं जाते तिचं काहीतरी. दाखोव नं कोणाले."

कुलदीपकडे लग्नात पाहुण्यांवर उडवायचं गुलाबाचं अत्तर होतं, फवारणीच्या बाटलीत. मोबाइल लावून त्यानं ते सरकीवर मारलं. "घे. आता वरमायसारखी घमघमून राह्यली."

त्या घरात शहाणपणाचं वाक्य बोलता यायचं. फक्त ते पूर्ण व्हायच्या आत त्याचा विनोद व्हायचा.

रविवारी अकरा वाजता अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. शेजारच्या सुहासिनीकाकू, शाळेतल्या क्लार्कच्या बायको, मूळच्या हौशी. ओटीचं ताट त्याच घेऊन आल्या. फोटो-व्हिडिओ काढायला कुलदीपचा दोस्त अविनाश होता. सरकीच्या अंगावर हिरवा ब्लाउजपीस बांधला, गळ्यात शेवंतीची माळ घातली, आणि कुलदीपनं तिला उचलून झोपाळ्यावर ठेवलं. उचलताना ती कण्हली. त्यानं माइकवर सांगितलं, "होणाऱ्या आईले लाज वाटून राह्यली!"

पाच जणींनी ओटी भरली. मग वाट्यांचा खेळ झाला. दोन वाट्या झाकून पुढे ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. सरकीनं दोन्ही वाट्यांना नाक लावलं नाही. तिनं शेजारच्या तांब्यात तोंड घातलं आणि त्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"जुळे!" सुहासिनीकाकू ओरडल्या. अंगण हसून लोटपोट झालं.

सरकी झोपाळ्यावरून अर्धी उतरली, अर्धी पडली. फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून धापा टाकत राहिली. थंडीचे दिवस होते. हिरव्या कापडाला मागच्या बाजूला एक तपकिरी डाग पडला होता. अविनाशनं विचारलं, तेव्हा कुलदीप म्हणाला की झोपाळ्यामागच्या बॅनरचा रंग लागला असेल. बॅनर गुलाबी होता.

सोमवारी सकाळी सरकी उठली नाही. हाक मारली तर फक्त एक कान हलला. तोंडाजवळ पिवळं पाणी पडलेलं होतं.

"सुरू झालं वाटते," कुलदीप म्हणाला आणि बाळंतपणासाठी आडोसा करायला मंडपाचा पडदा शोधू लागला.

अंबूबाईनं त्याच्या हातातून पडदा काढून घेतला. "म्या चार म्हशीचं पाह्यलं, दोन लेकीचं पाह्यलं, आन् तुहंबी पाह्यलं. हे बाळंतपण नाही. गाडी काढ."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

डेकोरेशनचं सामान वाहायच्या टेम्पोत, छोट्या हत्तीत, पडदा अंथरून, सरकीला खामगावला नेलं. अर्ध्या तासाच्या रस्त्यात कुलदीपला एकही विनोद सुचला नाही. एक सुचला होता, पण तो त्यानं गिळला.

खामगावात जनावरांच्या डॉक्टर होत्या धम्मशीला मॅडम. बुटक्या, शांत, हातात मोजे चढवतानाही घाई नाही. त्यांनी आधी सरकीचा वरचा ओठ उचलला.

"इथं बोट दाबा. हिरडीवर. आता सोडा."

कुलदीपनं दाबून सोडलं. बोटाखालची जागा पांढरी झाली आणि पांढरीच राहिली.

"दोन सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे होती," मॅडम म्हणाल्या. हिरडी बराच वेळ विचार करत होती.

मग सोनोग्राफी झाली. पडद्यावर काळे गोळे गोळे दिसले. कुलदीप पुढे वाकला. सवयीनं त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. "किती हायेत मॅडम?"

"एकही नाही."

"मंग हे काळं काळं?"

"पू. गर्भाशय पुवानं भरलं आहे. माज होऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात हा आजार होतो, वय वाढलेल्या कुत्र्यांना जास्त. पिल्लांचा यात काही संबंध नाही."

म्हणजे एसटी स्टँडवरचा काळ्या निर्दोष होता. कुलदीपला पहिल्यांदा हेच सुचावं, याची त्याला स्वतःलाच शरम वाटली.

"आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "ते आत फुटलं तर संध्याकाळ दिसायची नाही तिला. आता मला सांगा, पाणी जास्त पिणं कधीपासून?"

कुलदीपला आठवेना. अंबूबाईला आठवत होतं, पण ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग त्याच्या लक्षात आलं की तारीख मोबाइलमध्ये आहे. त्यानं मान खाली घालून तो मॅडमपुढे धरला.

'सरकीचे डोहाळे, भाग एक' दवाखान्यात पूर्ण आवाजात वाजला. दारात बकरी घेऊन बसलेले एक बाबा आधी खदाखदा हसले. मग त्यांनी टेबलावर पडलेल्या सरकीकडे पाहिलं आणि टोपी नीट केली.

"हा बारा दिवसांपूर्वीचा," मॅडम म्हणाल्या. "जेवण सोडलेलं दिसतंय. पुढचा?"

पुढचा अत्तराचा होता.

"वास येत होता का तेव्हा?"

"हाव."

"म्हणून मारलं?"

"हाव."

मॅडमनी लिहून घेतलं. कुलदीपला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग रविवारचा व्हिडिओ. मॅडमनी मध्येच बोट लावून तो थांबवला. पडद्यावर सरकी फरशीवर धापा टाकत होती आणि कापडावर तो डाग होता, आणि कोपऱ्यात माइक धरून कुलदीप तोंड उघडं टाकून हसताना अडकला होता.

"इथं तिला ताप असणार," मॅडम म्हणाल्या. "थंडीत कुत्रं अशी गार फरशी शोधतं आणि धापा टाकतं, तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. पाणी वाढलं, जेवण गेलं, मागून घाण जाते, पोट फुगतं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी आणायचं. व्हिडिओ मात्र छान काढलेत तुम्ही. आजार रोजच्या रोज दिसतो त्यात."

त्या खरंच कौतुक करत होत्या. आजवर त्याच्या व्हिडिओंना हजारो लोकांनी अंगठे दाखवले होते, पण एवढ्या बारकाईनं कुणी पाहिले नव्हते.

"वाचंन का ते?" अंबूबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही मावशी. चार दिवस आधी आली असती तर नक्की सांगितलं असतं."

कागदावर सही करायची होती. 'प्राण्याचा मालक' असं छापलेलं होतं. पेन टेकवून कुलदीप बराच वेळ थांबला. मालक या शब्दाला आपण लायक आहोत की नाही असा विचार त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. शेवटी त्यानं सही केली, कारण दुसरा कुणी उमेदवार नव्हता.

दोन तास तो बाहेर बाकावर बसला. अंबूबाई शेजारीच होती. बकरीवाल्या बाबांनी विचारलं, "काऊन रे, ते डोहाळजेवण खरंच केलतं तुम्ही?" कुलदीपनं मान हलवली. बाबा म्हणाले, "माह्या पोरानं मले दाखोलं होतं. मीबी लय हासलो." मग ते बकरीच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

दार उघडलं. मदतनीस मोतीराम स्टीलचा ट्रे घेऊन उभा होता. मालकाला दाखवायची पद्धत होती म्हणे. ट्रेमध्ये कुलदीपच्या मनगटाएवढ्या जाड गर्भाशयाच्या दोन नळ्या होत्या, पुवानं फुगलेल्या, ताणलेल्या. काय करावं ते न सुचून त्यानं हात जोडले. मोतीराम म्हणाला, "नमस्कार काय करता भाऊ? फेकाचं हाय ते."

सरकी जिवंत होती. आत तिला सलाईन लावलं होतं, पोटावर पट्टी होती. डोळे उघडले तेव्हा नजर कुठेच ठरत नव्हती. मग ती कुलदीपवर येऊन थांबली, आणि शेपटीचं टोक टेबलावर एकदा आपटलं. पुन्हा एकदा.

ती चावली असती तर त्याला सोसलं असतं. शेपटी त्याला सोसली नाही. तो तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला आणि नळ न उघडताच उभा राहिला.

तीन दिवस सरकी दवाखान्यातच राहिली. गुरुवारी दुपारी छोटा हत्ती आळीत शिरला, तेव्हा लोक वाटच पाहत होते. सुहासिनीकाकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन पुढे आल्या. बाळंतिणीसाठी रात्रीच वळले होते त्यांनी.

"किती झाले रे?"

"एकबी नाही काकू. पोटुशी नव्हतीच ते. पोटात पू झालता. बिमार होती, आन् म्या तिले झोपाळ्यावर बसोलं."

सगळे हसले. कुलदीप सांगतोय म्हणजे पुढे काहीतरी असणारच.

"आन् मंग?" अविनाशनं विचारलं. खिशातून मोबाइलही काढला.

"मंग काही नाही. ते मरून राह्यली होती आन् मी हासून राह्यलो होतो. पाणी पेत होती, तं म्या म्हटलं दोन जिवाची हाय."

पुन्हा हसू आलं, पण तुटक. दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी हिरडीपासून सांगितलं, पांढरी झालेली जागा, अत्तर, डाग, ट्रे. आवाज सपाट होता, जसा विनोद सांगताना असायचा. दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. अविनाशनं मोबाइल खिशात घातला. सुहासिनीकाकू डब्याचं झाकण चाचपत म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं नं रे, जुळे."

कुणीच हसलं नाही. लोक एकेक करून, चपला न वाजवता, पांगले.

अंबूबाई आणि कुलदीपनं पडद्याची दोन टोकं धरून सरकीला आत नेलं आणि सावलीत ठेवलं. तिनं थोडी पेज चाटली. अंबूबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"माय," कुलदीप म्हणाला, "तू मले तीनदा सांगतलं होतं."

"चारदा," अंबूबाई म्हणाली.

चौथी वेळ कोणती ते त्याला काही केल्या आठवेना. तेव्हाही तो हसत असणार.