खिळ्यावरचा भात

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आलापल्लीला एस.टी. थांबायची, त्याच्या समोरच गुणवंतरावांचं हॉटेल होतं. मी तिथे ताटं वाढायचो आणि रात्री मागच्या खोलीत झोपायचो. मला दुसरं घर नव्हतं.

आधी गिऱ्हाईक जेवायचं आणि मग पैसे द्यायचं. उठताना मी विचारायचो, "काय काय घेतलं, भाऊ?" माणूस सांगायचा. सांगता सांगता त्याच्या बैलाची, पोरीच्या लग्नाची गोष्ट निघायची. बायको, कमळा, वारल्यावर माझं बोलणं तेवढंच उरलं होतं.

मग गुणवंतराव भद्रावतीच्या एका कॅन्टीनमध्ये बिल्ल्यांची पद्धत पाहून आले. त्यांनी दाराशी फळ्यांचं खोपट केलं, पुढे जाळी ठोकली आणि मला आत बसवलं, कारण प्रौढ वर्गात मी नुकताच वाचायला शिकलो होतो. पितळेचे बिल्ले आले. चहाचा गोल, भाताचा चौकोनी. खिळ्यावर अडकवायला प्रत्येकाला भोक. आधी माझ्याकडून बिल्ला घ्यायचा, तो आत आचारी झिंगूला द्यायचा, मग ताट मिळायचं. संध्याकाळी झिंगूच्या डब्यातले बिल्ले पुन्हा माझ्या खिळ्यांवर यायचे.

पद्धत चांगली होती. गर्दीत कोणाचं चुकत नव्हतं, भात किती टाकायचा ते झिंगूला कळत होतं. पण आता कोणाला काही विचारायचं राहिलं नाही. जाळीखालून हात यायचा, पैसे ठेवायचा, बिल्ला उचलून जायचा. माणूस झिंगूकडे बघत असायचा, कारण भात तिकडे होता.

दिवाळीनंतर भाताचे बिल्ले कमी व्हायला लागले. होळीपर्यंत तर बाजाराच्या दिवशी दुपारीच संपायचे. आत भात आहे, दारात माणसं उभी आहेत आणि माझ्या खिळ्यावर बिल्ला नाही, अशी गत झाली.

"कुठी जाऊन राह्यले, लहानू?" गुणवंतरावांनी विचारलं. "लोक भातासंगं बिल्ला बी गिळते का?"

"लहानूभाऊच्या उशीखाली पाहा," झिंगू आतून म्हणाला. "पितळेले भाव चांगला हाय सध्या."

तो थट्टाच करत होता. गुणवंतराव हसले नाहीत. "पुढच्या बाजारापर्यंत शोधून काढ," ते म्हणाले. "नाई तं जाळीत माझा साळा बसन. तुले दुसरं काम पाहा लागन."

पुढच्या बाजारी मी फक्त चौकोनी बिल्ल्यांवर नजर ठेवली. एका म्हाताऱ्या बाईनं बिल्ला घेतला आणि झिंगूकडे न जाता ती सरळ बाहेर पडली. मी खोपटाला कडी घालून तिच्या मागे गेलो.

ती बुधरी होती. सूरजागडच्या डोंगराकडच्या एका गावातून डिंक आणि चारोळी विकायला यायची. चिंचेखाली बसून ती गळ्यातला दोरा सोडत होती. मण्यांच्या माळांखाली त्या दोऱ्यात आमचे बिल्ले ओवलेले होते. नवा बिल्ला तिने शेवटी ओवला.

"बाई, हे काऊन जमवले?" मी विचारलं.

तिने मला ओळखलं नाही. जाळीतला म्हटल्यावर ओळखलं.

"पोचूचा भात हाय," ती म्हणाली. "माझा पोरगा. कोळशाच्या कामाले गेला, भद्रावतीकडे. येईन तं इथीच उतरन. भूक लागली राहीन."

"मंग एक बिल्ला पुरे."

"काऊन पुरे? घरी मी रोज त्याचा वाटा काढतो. घरचा भात नासते." तिने दोरा हातावर तोलून पाहिला. "हा नाई नासत."

मी तिच्याजवळ खाली बसलो. तिचं काही चुकलंय असं मला सांगता येईना. पैसे तिने दिलेच होते.

"हे बिल्ले नाई भेटले तं मले उद्यापासून काम नाई," मी म्हणालो. "मंग पोचू आला तं बिल्ला कोन ओळखन?"

"तू नाई राहशीन इथी?"

"नाई राहीन."

तिने दोरा पुन्हा मुठीत घेतला.

"दिले तं भात जाईन ना त्याचा."

"घरचा काढलेला वाटा रात्रभर राहते," मी विचारलं, "सकाळी त्याचं काय करतं?"

"काय करीन? मी खातो. टाकून कसा देऊ?"

"मंग हा बी शिळा झाला, बाई. हा बी तूच खा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "एवढा? आजच?"

"दर बाजारी शिळा खा, ताजा ठेव. ताजा पोचूचा. माझ्या खिळ्यावर राहीन. त्यानं नाव सांगतलं की भेटन."

तिने दोरा माझ्या हातात ठेवला. आम्ही आत आलो. मी एक बिल्ला तिला परत दिला, तो तिने झिंगूला दिला आणि भिंतीकडे तोंड करून सावकाश जेवली. मी जाळीत जाऊन बसलो. दारातली माणसं खोळंबली होती, त्यांना बिल्ले पुरले.

गुणवंतरावांना सगळं सांगितलं. "अजब बाई हाय," ते म्हणाले. साळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. वेगळ्या खिळ्यावरचा एक बिल्ला पाहून मात्र त्यांनी विचारलं, "हा काऊन इथी?"

"गिऱ्हाईक यायचं हाय," मी म्हणालो.

बुधरी दर बाजारी येते. नवा बिल्ला घेऊन त्या खिळ्यासाठी माझ्याकडे देते, आधीचा घेऊन जेवते. "आला का?" असं ती विचारत नाही. मीही तिला काही विचारत नाही. जेवून हात धुते आणि पाटी उचलून जंगलाच्या वाटेला लागते.

चंद्रपूरची गाडी दुपारी येते आणि दिवस बुडताना एक येते. पूर्वी मी गाडीकडे बघत नव्हतो. त्यातून माझं कोणी उतरणार नव्हतं. आता धूळ खाली बसेपर्यंत बघतो. कधी एखादा तरुण पोरगा उतरतो, इकडेतिकडे पाहतो आणि हॉटेलाकडे वळतो. जाळीखालून त्याचा हात आत येतो.

"नाव काय रे, बाबू?" मी विचारतो.

बिल्ला घ्यायला नाव कशाला, असं त्याच्या तोंडावर दिसतं. पण तो सांगतो. मग मी पोचूचा खिळा सोडून नेहमीच्या खिळ्यावरचा बिल्ला काढून देतो.