राणीसाहेबांची बर्फगाडी

राणीसाहेबांची बर्फगाडी हाकायचा मान त्या सकाळी सिग्रिडला मिळाला होता. घोडे तिच्या हाताला चांगले वळत. उत्तरेकडच्या खेड्यात ती घोड्यांमध्येच वाढली होती. पण आज तिला पोचायची घाई नव्हती. गोठलेल्या मेलारेन सरोवरापलीकडे काउंट एकेलुंडची हवेली होती, आणि दुपारच्या जेवणानंतर तिथे तिचं काउंटशी लग्न ठरल्याचं जाहीर होणार होतं. सिग्रिड राणीसाहेबांची सखी, आणि दरबारातल्या सख्यांची लग्नं राणीसाहेबच ठरवत. सखीने मान खाली घालून हो म्हणायचं, एवढंच.

शहरातून गाड्या निघता निघता गर्दीतून कुणीतरी तिच्या हातमोज्यात चिठ्ठी सरकवली. तिने मान वळवली नाही. योरानचा हात तिने डोळे मिटूनही ओळखला असता. तो सरोवराची खोली नि बर्फ मोजणारा साधा मोजणीदार. वर्षभर दोघं चोरून पत्रं लिहीत होती. सखीने परपुरुषाला पत्र लिहिलं, तर तिची दरबारातून हकालपट्टी ठरलेली.

"समोर बघ गं," मागून बिर्गिट्टाबाई म्हणाल्या. त्या सगळ्या सख्यांच्या वडीलधाऱ्या. "नवरदेव पुढे आहे, मागे नाही."

राणीसाहेब हसल्या. सिग्रिडचे कान तापले.

पहिल्या वळणावर घोडे दम खायला थांबले, तेव्हा तिने चिठ्ठी वाचली. 'दोन बेटांमधून जाऊ नका. खाली पाण्याला ओढ आहे, बर्फ दोन बोटंही जाड नाही. कचेरीत सांगितलं, कुणी ऐकलं नाही. काठाकाठाने जा. तुझं लग्न मी सहन करीन, पण हे नाही.'

तिने सुटकेचा सुस्कारा टाकला. काठानेच तर जायचं ठरलं होतं.

तेवढ्यात काउंट घोडा नाचवत आला. "राणीसाहेब, काठाने कशाला? बेटांमधून अर्ध्या वेळात पोचू. या पाण्यावर मी लहानाचा मोठा झालोय."

"मग चला," राणीसाहेब म्हणाल्या. "मला भूक लागलीये."

सामानाची गाडी पुढे निघाली, मागोमाग काउंट. सिग्रिडचे घोडेही धावू लागले. बेटं जवळ येत गेली. मधला बर्फ पांढरा नव्हता, ओल्या शिशासारखा करडा होता. बोलावं तर चिठ्ठी उघडी पडणार, गप्प बसावं तर... तिने पुढे विचारच केला नाही. दोन्ही लगाम डावीकडे खेचले.

गाडी तळाच्या दोन घसरपट्ट्यांपैकी एकीवर कलली. बिर्गिट्टाबाई राणीसाहेबांच्या मांडीवर आपटल्या. "अगं कारटे, मारतेस की काय?"

"वळव गाडी," राणीसाहेब कडाडल्या.

"नाही वळवणार," सिग्रिड म्हणाली, आणि घोड्यांना काठाकडे पिटाळलं.

काउंट ओरडत मागे आला. "पोरगी बिथरली! लगाम काढून घ्या तिच्याकडून!"

तेवढ्यात तोफ डागावी तसा आवाज झाला. बर्फाला चीर गेली आणि सामानाच्या गाडीचं मागचं टोक काळ्या पाण्यात बसलं. गाडीवानाने उडी मारून घोड्यांचे पट्टे कापले. घोडे सुटले, तोही सरपटत काठावर आला. राणीसाहेबांचे पेटारे मात्र बुडाले. काउंट पांढराफटक पडला होता.

सगळे काठावर जमले. सिग्रिडला गावं, ओरडावं असं वाटत होतं.

"तुला कसं कळलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

तिने चिठ्ठी पुढे केली. राणीसाहेबांनी ती दोनदा वाचली. "ही पहिली आहे?"

"नाही, राणीसाहेब."

"लग्न सहन करीन म्हणतो. तू करणार होतीस?"

"आज सकाळपर्यंत करणार होते. आता नाही करणार."

काउंट काहीतरी बोलायला गेला. "तुम्ही आज पुरेसं बोललात," राणीसाहेब म्हणाल्या. मग त्यांचा सूर दरबारी झाला. "चोरून पत्रं लिहिणारी सखी मला चालत नाही. या क्षणापासून तू माझ्या पदरी नाहीस. तुझं लग्न कुणाशी व्हावं, याच्याशी माझा संबंध नाही. ऐकलंत ना, बिर्गिट्टाबाई?"

"ऐकलं," बिर्गिट्टाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? घालवलंय ना तुला?"

सिग्रिडने वाकून राणीसाहेबांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि काठाकाठाने शहराकडे निघाली. आधी चालत, मग झगा दोन्ही हातांनी वर धरून धावत. अर्ध्या वाटेवर समोरून एक माणूस खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन जिवाच्या आकांताने पळत येताना दिसला. बर्फ फुटल्याचा आवाज त्याने ऐकला होता.

"सगळे वाचले," तिने लांबूनच सांगितलं.

योरानने दोर खाली टाकले. त्याला दम लागला होता. "आणि तुझं लग्न?"

"त्याचंच विचारायला आलेय," सिग्रिड म्हणाली. "करतोस का?"