अर्धा फेरा

“अगं, किती आवळशील? काचेला अंग हलवायला जागा ठेव, नाहीतर थंडीत तडकेल बघ!”

खिडक्यांना काचा बसवणाऱ्या बाबांचा हा आवाज तिला तीस वर्षांनी ऐकू आला, तोही जमिनीखालच्या प्रयोगशाळेत, हातात केकचा तुकडा असताना. क्रीम बोटांना बुळबुळीत लागत होतं.

यंत्राची जुळणी तिच्याकडे होती. मुठीएवढा स्फटिक तांब्याच्या चौकटीत बसवायचा, आणि शीतयंत्रात इतका गार करायचा की गारठ्यालाही पुढे वाट उरू नये. मग डोळ्यांना न दिसता, अंगाला न लागता विश्वभर फिरणाऱ्या कृष्णद्रव्याचा एखादा कण त्याला धडकलाच, तर चिमटीतही धरता येणार नाही एवढीशी ऊब येणार, आणि पडद्यावर रेघ उसळणार. यंदा रेघा उसळल्या, शेकड्यांनी. प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांना आभाळ ठेंगणं झालं, आणि आज त्यांनी केक आणला.

पण रेघा दिवसागणिक घटत चालल्या. कृष्णद्रव्य असं दमत नाही. दमतो, सैलावतो तो ताण. या खेपेला स्फटिक जराही हलू नये म्हणून तिनेच स्क्रू अर्धा फेरा जास्त पिळले होते. गारठ्यात तांबं आक्रसलं, आणि त्या मिठीत स्फटिक कणाकणाने तडकत राहिला; दर तड्याची ऊब पडद्यावर रेघ होऊन उसळली. महिन्यापूर्वीच तिला हे उमगलं होतं, आणि ती मूग गिळून बसली होती.

“लेखात पहिल्या आठवड्याचेच आकडे घेतलेत,” सर आकडेमोड करणाऱ्या लंबूला सांगत होते. “पुढचे, घटत गेलेले, कशाला? उगाच लोकांच्या डोक्याला ताप.”

“सर, तुमच्या मिशीतही काहीतरी सापडलंय,” लंबू म्हणाला. मिशीला क्रीम लागलं होतं. सगळे खिदळले.

म्हणजे यांनाही ठाऊक होतं! तिला शिसारी आली.

सरांचा चिकट हात तिच्या खांद्यावर पडला. “बाई, तुमच्या हातांची कमाल! लेखात तुमचं नाव दुसरं. आता पाठवायचाच.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. सरांची किळस येत होती खरी, पण या हातांची जास्त. तिने केक कचऱ्यात टाकला, बोटं पुसली, पुन्हा पुसली.

“सर, नका पाठवू. ते कण नाहीत. स्फटिक तडकतोय. स्क्रू मी जास्त आवळले होते, आणि महिनाभर बोलले नाही.”